मंजुळाताईंच्या आईचं गोंदण

“दादा, आयचा गोंदान कुठं गेला?” फ्रेम हातात घेताच मंजुळाताईंनी विचारलं.

त्या बारवी धरणाकडच्या पाड्यावरून उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या माझ्या फोटो स्टुडिओत आल्या होत्या. आई गेल्याला वर्ष होत होतं आणि भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. आईचा एकुलता एक फोटो, तोही वाळवीने खाल्लेला. मी तो स्कॅन करून रीटचिंग केलं. रीटचिंग म्हणजे कॉम्प्युटरवर चेहऱ्याची साफसफाई.

“डाग होते ना ताई, सगळे काढले. बघा कशा फ्रेश दिसतात!” मी फुशारकीने म्हणालो. मंजुळाताई फ्रेम पदरात गुंडाळून गेल्या.

महिन्याभराने आमच्या फोटोग्राफर ग्रुपची मुंबईच्या एका आर्ट म्युझियमला सहल गेली. पोर्ट्रेटच्या दालनात एका म्हातारीचं तैलचित्र होतं. सवयीने मी मनात काम सुरू केलं. सुरकुत्या, चामखीळ, कपाळावरचं गोंदण, दहा मिनिटांत साफ! चित्रकाराने मात्र एकेक हिरवा ठिपका निगुतीने रंगवला होता. फिकट पडलेला ठिपका फिकटच ठेवला होता. मनातल्या मनात मी ते सगळं पुसलं, तर समोर कुणाचीही आई उरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला. मूळ स्कॅन नव्हताच. मी काम त्याच फाइलवर सेव्ह केलं होतं. वाळवीने खाल्लेला मूळ फोटो तर मीच कचऱ्यात टाकला होता.

पाड्यावर गेलो. भिंतीवर फ्रेम होती, हारही होता. “बाया इचारतात, ही कोन?” मंजुळाताई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी माफी मागितली. चार दिवसांनी मंजुळाताई आपल्या मावशीला घेऊन स्टुडिओत आल्या. मावशी स्क्रीनवर बोट ठेवायची, मी तिथे ठिपका रंगवायचो. कपाळ जमलं. हनुवटीवर अडलं.

“तीन व्हते,” मावशी म्हणाली.

“दोनच गं.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. तो फोटो सगळ्यात जवळून मीच पाहिला होता. झूम करून एकेक ठिपका पुसला होता. किती होते, मला आठवेना.

आता मूळ फाइल वेगळी ठेवतो, आणि चेहऱ्यावरचं काहीही काढण्याआधी विचारतो. मंजुळाताईंच्या आईची हनुवटी कोरीच राहिली.