फेर्मीनची प्रश्नावली

बेनेदिक्ता वेइसागाने सतरा वर्षांत एकही प्रश्नावली घरी बसून भरली नव्हती. विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात मोठमोठे पदवीधर आले नि गेले. पण खोऱ्यातल्या पतसंस्थांची दरवर्षीची पाहणी उभी होती ती या बाईच्या पायांवर. ठरलेली तीनशे घरं, त्यातला ठरलेला माणूस, उत्तर त्याच्याच तोंडून. कुत्री चावली, लोक अंगावर ओरडले, पण बाईने खोटी खूण केली नाही. त्याचा तिला ताठाही होता, आणि का नसावा?

ती मुद्दाम एक नोव्हेंबरला फिरायची. मेलेली माणसं त्या दिवशी दुपारी बाराला घरी येतात, म्हणून जिवंत माणसंही घरीच सापडतात.

यंदा पुनाता गावात फेर्मीन ओरेयानाच्या दारात गेली, तर आत टेबल मांडलेलं. बाळाच्या आकाराचे पाव, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा पेला, मेणबत्त्या. फेर्मीन मे महिन्यातच गेला होता. बेनेदिक्ताने नाव खोडायला पेन्सिल काढली.

"खोडताय कशाला, डोन्या बेने?" त्याची बायको सातुर्निना म्हणाली. "बारालाच आलाय तो. विचारा की त्यालाच!"

टेबलावर एक माशी होती. त्या दिवशी माशी कोणी मारत नाही; कोण कुठल्या रूपात आलंय, सांगता येत नाही. आता घरधनी समोर असताना त्याला डावलायचं कसं? बेनेदिक्ताने कागद पसरला आणि विचारलं, "डोन फेर्मीन, पतसंस्थेवर विश्वास आहे?"

माशी उडाली, 'नाही'च्या चौकटीत बसली. पेन्सिल टेकेपर्यंत हलली नाही.

"हयातीतही असाच होता मेला," सातुर्निना हसली. "पटकन बोलायचा."

सातव्या प्रश्नाला हसू थांबलं. यंदा नवं कर्ज घेतलं? माशी 'होय'वर. कोणत्या महिन्यात? ती बाराही महिन्यांवरून सावकाश चालत गेली आणि ऑगस्टवर थांबली.

"मेल्यावर?" सातुर्निना पुटपुटली. बेनेदिक्ताने ऑगस्टवर खूण केली.

पंधरा दिवसांनी डॉक्टर ओविदिओ रोकाबादोने तिला बोलावलं. पाहणीचा प्रमुख तो; पुनातातच वाढलेला, पण परदेशातून शिकून आल्यावर खोऱ्याची धूळ बुटाला लागू न देणारा. टेबलावर तिला कामावरून काढल्याचा कागद तयार होता, फक्त सही बाकी.

"फेर्मीन मेमध्येच गेल्याचं कळलंय मला. मेलेला माणूस उत्तरं देतो, डोन्या बेने? घरी बसून कागद रंगवलात. कबूल करा."

"रंगवला नाही, डॉक्टर. विचारलं, त्यांनी सांगितलं." नोकरीपेक्षा तिला लागलं होतं ते 'घरी बसून'. मग तिने सगळं सांगितलं, माशीसकट.

डॉक्टर हसला. "मग बघूच तुमच्या माशीचं ऑगस्ट." बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने संशोधनासाठी पतसंस्थेच्या नव्या कर्जदारांची यादी दिली होती. तिला तोंडघशी पाडायला त्याने ती उघडली. बोट ओळींवरून उतरत गेलं.

फेर्मीन ओरेयाना. ऑगस्ट.

मेलेल्यांच्या नावावर कर्ज काढून कोणी पैसे खात असेल, हे डॉक्टरसारख्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बोट आणखी खाली गेलं, भराभर, आणि एका ओळीवर अडलं. बेनेदिक्ताने मान वाकवून नाव वाचलं. एर्मेलिंदा रोकाबादो, सप्टेंबर. डॉक्टरची आई. मार्चमध्ये तिच्या मातीला बेनेदिक्ता स्वतः गेली होती.

"सही करताय ना, डॉक्टर?"

त्याने कागद बाजूला सारला. "आईचं घरही आपल्या तीनशेत आहे," तो कसाबसा म्हणाला. "तिला... तिला विचारलंत?"

बेनेदिक्ताला त्याची दया आली, पण खोटं बोलायची सवय नव्हती.

"गेले होते. दाराला कुलूप. तुम्ही टेबल मांडलंच नव्हतं ना, डॉक्टर." ती जरा थांबली. "कुलपावर एक माशी होती. दुसऱ्या दिवशी बाराला त्यांची जायची वेळ होते, म्हणून पुन्हा जाऊन आले. तोवर तिथेच बसून होती."