तिसरं कडवं

आमचा मामा सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचा आणि उरलेल्या वेळात संशय घ्यायचा. दूधवाला वळून बघतो म्हणून त्याने दूधवाला बदलला. ताकही फुंकून पिणारा माणूस! चहा घ्यायचा तो फक्त माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या ताईच्या हातचा. मला वैताग यायचा, पण त्याला कारण होतं.

हुकूमशाहीच्या काळात थोरला मामा सरकारी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. एकदा घरी, दारं-खिडक्या लावून, त्याने सरकारी संचलनगीत नाचाच्या ठेक्यावर वाजवलं. घरचे पोट धरून हसले. दुसऱ्याच दिवशी त्याला उचलून नेलं, तो परत आलाच नाही. चुगली कुणी केली? भिंतीला कान असतात, आणि पलीकडे शिंपी राहायचा. राजवट गेली तरी मामा शिंप्याशी बोलला नाही.

परवा एक सिनेमा लागला. देश कल्पनेतला, पण गणवेश आमच्या जुन्या राजवटीचे आणि संचलनगीतही तेच, शब्द न् शब्द. मामाने अख्ख्या गल्लीला दुपारच्या खेळाचे पास वाटले आणि मला प्रोजेक्टरच्या खोलीत बोलावलं.

"पडदा नको, माणसं बघ," तो म्हणाला. "गाणं लागलं की जुनी खोडं सवयीने उभी राहतील. दोन कडवी झाली की बसतील, आपल्याला तेवढीच होती. तिसरं फक्त खबऱ्यांच्या बैठकीत व्हायचं. दादा तिथे वाजवायला जायचा, त्यानेच मला सांगितलेलं. सिनेमात तिन्ही आहेत."

"आणि शिंपी उभा राहिला नाही तर?"

"राहील. हाडात मुरलेलं जात नाही."

गाणं लागलं. खरंच, म्हातारी मंडळी उभी राहिली, शिंपीही. दोन कडवी संपली तसे सगळे ओशाळं हसत बसले. शिंपी तर सगळ्यांत आधी, गुडघे धरून.

तिसरं कडवं सुरू झालं. एकच जण ताठ उभं होतं. खांद्यावर निळी शाल, मीच निघताना पांघरवलेली.

मामाने कपाळ काचेला टेकवलं.

"बस गं ताई," तो पुटपुटला. "खाली बस ना."

ती कडवं संपेपर्यंत बसली नाही.

मामा आता शिंप्याशी बोलतो, त्याच्याकडून शर्टही शिवून घेतला. आमच्याकडे पूर्वीसारखाच येतो, आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो. ती चहा टाकायला उठली की म्हणतो, "नको ताई, आत्ताच घेऊन आलो."