सागवानी हौद्याची पिकअप

काटकोनकाका हाडाचे सुतार. कुणाकडे भेटायला गेले तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग ज्या खुर्चीवर बसायचं तिचे पाय हलवून बघणार, आणि मग ‘कसं काय’ विचारणार. एकदा दाढ काढायला गेले, तर डॉक्टरांच्या कपाटाचं दार घासतंय हे तोंडात कापसाचा बोळा असताना हातवारे करून सांगत होते. काटकोन हे नाव गल्लीने त्यांना चिडवायला ठेवलं, आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं. अशा माणसाचं काय करणार?

त्यांच्या हातची कपाटं-टेबलं कारखान्यातून निघायची ती लख्ख, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचायची ती ओरखडे घेऊन. टेम्पोवाल्यांना काय त्याचं! दोरी आवळली की निघाले. काका मागून स्कूटरवर ‘हळू, हळू’ करत जायचे, आणि पुढचा हमखास जोरात हाकायचा. शेवटी एका मास्तरीणबाईंच्या पुस्तकांच्या कपाटाचा कोपराच उडाला, तेव्हा काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. आता आपली स्वतःची गाडी, बस! काकूंनी विचारलं, अहो, साठी उलटली, आता गाडी? काका म्हणाले, चाळीस वर्षं लायसन्स आहे माझ्याकडे. काकू म्हणाल्या, लायसन्स आहे हो, गाडी कधी चालवलीत? त्यावर काकांना एकदम कारखान्यातलं काम आठवलं.

आता कुणीही म्हणेल, जुनी गाडी घ्यायची तर आधी जाणकाराला दाखवावी. जाणकार होतं की, आणि घरातच होतं. काकांची एकुलती एक लेक, चिमणी. नाव चिमणी, पण दारातून आत येताना मान झुकवावी लागते एवढी उंच. मागच्याच रस्त्यावर तिचं स्वतःचं गॅरेज होतं. चांगलं चालायचं. आणि काकांनी त्या गॅरेजात चार वर्षांत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

त्याचं असं झालं. शाळेत असल्यापासून चिमणी कारखान्यात रमायची. रंधा मारायची, पटाशीला धार लावायची. काकांनी मनात दोघांच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. आणि एक दिवस तिने सांगितलं, बाबा, मला इंजिनं आवडतात, मी ते शिकायला जाते. काका नको ते बोलले. पुढे गॅरेज उघडलं, त्या दिवशी तिने पहिल्या रांगेत मधोमध काकांसाठी खुर्ची ठेवली होती. काकांनी निरोप धाडला की सरस लावलाय, सांधा धरून बसावं लागतंय, येता येत नाही. सरसाचं भांडं त्या दिवशी कोरडं ठणठणीत होतं. काका कारखान्यात बसून तीनदा भुसा झाडत होते. राग दोन महिन्यांत उतरला. लाज मात्र उतरेना, आणि रागासारखी ती ओरडून मोकळीही करता येत नाही. तेव्हापासून काका बाजारात जाताना लांबचा वळसा घालून जायचे. चिमणीनेही पुन्हा ‘या’ म्हटलं नाही. घरात दोघं हसायचे, बोलायचे, एकमेकांच्या ताटात वाढायचे, पण गॅरेज हा शब्द निघाला की दोघांनाही पाणी प्यायची आठवण व्हायची. त्या माणसाला मुलीच्या दारात जायचं होतं हो. कोणत्या तोंडाने जायचं, एवढंच कळत नव्हतं.

म्हणून गाडी बघायला काका एकटेच गेले. विकणारा अंडीवाला होता. पिकअप त्याच्या अंगणात उभी होती, रंग कधीकाळी निळा असावा. काकांनी खिशातून पाणसळ काढली आणि बॉनेटवर ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. गाडी डावीकडे कलतेय, काका म्हणाले. अंडीवाला म्हणाला, अंगणच कलतंय, काका. हे त्यांना पटलं. मग त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघून ‘हं’ म्हणाले आणि मिटलं. इंजिनाची तपासणी एवढीच. नंतर ते मागे गेले, हौद्यात चढले, पेंढा बाजूला सारला आणि बोटाने फळी ठोकली. जागच्या जागी खाली बसले. नखाने मळ खरवडला. सागवान! जुनं, पक्कं, सरळ रेषांचं सागवान, आणि त्यावर हा मूर्ख अंडी वाहत होता! काकांना गहिवरून आलं. त्यांनी घासाघीस केली नाही, चाचणीचा फेरफटकाही मारला नाही. अंडीवाल्याने गाडी घरापर्यंत आणून दिली, किल्ली हातात ठेवली आणि चहाला न थांबता जवळजवळ पळतच गेला. काकांना वाटलं, काय कामसू माणूस आहे.

चिमणी कामावरून आली तेव्हा पिकअप दारात होती. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं, आणि काकूंकडे बघून भुवया उंचावल्या. काका म्हणाले, हौदा बघ, सागवानी आहे. चिमणी म्हणाली, छान आहे. आणि हात धुवायला गेली.

पुढचा महिनाभर काकांना दुसरं काही सुचलं नाही. हौद्याच्या फळ्या त्यांनी सुट्या केल्या, रंधल्या, पॉलिश केल्या आणि एकही खिळा न वापरता परत बसवल्या. बाजूचे पत्रे काढून लाकडी कठडे केले. गिअरच्या दांड्याला लाकूड कातून मूठ केली. आतला फुटका डॅशबोर्ड उखडून तिथे शिसवी फळी लावली, तिच्यात एक छोटा खण ठेवला आणि खणाला पितळी कडी. दारांना पितळी बिजागऱ्या. अख्खी गल्ली बघायला आली. शिंपीणमावशी म्हणाल्या, असं कपाट मला करून द्या. काकांनी नम्रपणे सांगितलं की ही गाडी आहे. मावशी म्हणाल्या, हो का? चालते?

तिथेच तर घोडं अडलं होतं. गाडी तीनदा किल्ली फिरवली की एकदा सुरू व्हायची, गल्लीच्या टोकापर्यंत खोकत जायची आणि तिथे मान टाकायची. मग गल्ली तिला ढकलून परत आणायची. काकांनी पहिला मेकॅनिक बोलावला. त्याने दोन नळ्या बदलल्या, कानाला खडा लावला आणि गेला. दुसऱ्याने इंजिनापेक्षा शिसवी फळीकडेच जास्त वेळ पाहिलं. तिसरा जरा वयस्कर होता. त्याने बॉनेट उघडून पाहिलं, मग काकांना पाहिलं, आणि विचारलं की काका, तुमची मुलगीच ना ती मागच्या रस्त्यावरची? अहो, आमचं जिथे डोकं चालत नाही ती गाडी आम्हीच तिच्याकडे पाठवतो. काका कठड्यावरून फडकं फिरवायला लागले.

त्या दिवशी जेवताना चिमणीने भात कालवता कालवता सहज विचारावं तसं विचारलं, “बाबा, सुरू होताना धूर काळा येतो की पांढरा?”

काकूंचा हात पातेल्यातच थांबला. काकांनी घास गिळला. आधी कठड्यांच्या पॉलिशबद्दल बोलले, मग लाकडाच्या भावाबद्दल, मग हवेबद्दल. मग ताटाकडे बघत म्हणाले, पांढरा. चिमणी हं म्हणाली. पुढे काहीतरी बोलेल म्हणून काका ताट रिकामं झालं तरी बसून राहिले. ती आपलं ताट उचलून आत गेली.

दोन दिवसांनी, ऐन सकाळी, गाडी न खोकता सुरू झाली. काकांचा हर्ष गगनात मावेना. ते गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्याला लागले, स्कूटरवाल्यांना हात काय दाखवतात, हॉर्न काय वाजवतात! शिंपीणमावशींच्या दुकानासमोर तर मुद्दाम सावकाश गेले. पुढच्या चौकात गाडीने पांढऱ्या धुराचा असा लोट सोडला की काकांना आपलाच हौदा दिसेना, आणि मग ती गप्प झाली. मागून भोंगे सुरू झाले. दोन हमाल आणि एक पोस्टमन धावून आले. कुठे ढकलायची, पोस्टमनने विचारलं. डावीकडे गेलं की तिसऱ्या मेकॅनिकचं दुकान. उजवीकडे, शंभर पावलांवर, चिमणीचं गॅरेज. काका स्टिअरिंग धरून तसेच बसले. पोस्टमन म्हणाला, काका, लवकर सांगा, मला पत्रं वाटायची आहेत.

काका खाली उतरले. गाडी तेवढी कडेला घ्या, म्हणाले, आणि स्वतः उजवीकडे चालायला लागले. शंभर पावलांना त्यांना किती वेळ लागला ते विचारू नका. दारात पोचल्यावर चपला काढाव्यात की नाही हेसुद्धा त्यांना कळेना. शेवटी काढल्या, आणि अनवाणी पायाने तेलकट फरशीवर उभे राहिले.

चिमणी एका गाडीखालून बाहेर आली.  काकांची नजर सवयीने फिरत होती. भिंतीवर नट आवळायचे पाने ओळीने टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. खाली एक लाकडी टेबल, तिने स्वतःच केलेलं, हे बघताक्षणी कळत होतं. सांधे काकांच्या पद्धतीचे. आणि एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट, तिच्यात काळं रबर भरलेलं. काटकोनकाकांनी ती फट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, “टेबल छान झालंय.”

“खोटं बोलू नका, बाबा. फट आहे.”

“आहे,” काका म्हणाले. “गाडी बंद पडलीय. चौकात.”

ती हात पुसत त्यांच्याबरोबर निघाली. तिने आणि हमालांनी मिळून गाडी ढकलत आत आणली. बॉनेट उघडलं, पण आत डोकावून पाहिलंच नाही. सरळ एका जागी बोट ठेवलं. इंजिनाच्या ठोकळ्याला तडा होता, वरून भेग बुजवायची कसलीतरी लांबी फासलेली. गेल्या वर्षी अंडीवाला ही गाडी इथेच घेऊन आला होता, ती म्हणाली. हे इंजिन संपलंय, यावर पैसा घालू नकोस, असं तिनेच त्याला सांगितलं होतं. ती लांबी त्याने नंतर फासलीय.

काका बघतच राहिले. म्हणजे पहिल्याच दिवशी, दारात, वाकून पाहिलं तेव्हाच हिला सगळं माहीत होतं. महिनाभर आपण कठडे घासले, बिजागऱ्या ठोकल्या, तीन मेकॅनिक बोलावले, गल्लीला ढकलायला लावलं, आणि ही समोर बसून भात कालवत होती! त्यांना संताप आला, अगदी जुना, कारखान्यातला.

“मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

चिमणीने बॉनेटचा दांडा नीट बसवला. बराच वेळ बसवत राहिली.

“सांगितलं असतं तर तुम्ही गाडी परत केली असतीत,” ती म्हणाली. “मग इथे कशाला आला असतात?”

काकांचा संताप कुठच्या कुठे गेला.  ते म्हणाले, “त्या दिवशी यायला हवं होतं मी. सरस-बिरस काही लावला नव्हता. चुकलं माझं.”

जाऊ दे बाबा, असं ती म्हणाली नाही. “हो, चुकलं,” ती म्हणाली, आणि मनगटाने डोळे पुसले. मग नवीन इंजिन बसवायला काय काय काढावं लागेल ते ती एकेक बोट ठेवून दाखवायला लागली. काका शेजारी वाकले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती जिथे बोट ठेवेल तिथे ते बघत राहिले.