हाळी कोणाला देऊ?

प्रत्येक माणसात एक व्यवस्थापक दडलेला असतो. आळेफाट्याच्या एका हॉटेलातल्या एसी हॉलमध्ये पडद्यावर हे वाक्य झळकत होतं. त्याखाली वायफायचा पासवर्ड होता.

आमच्या बांधकाम कंपनीचं शिबिर होतं. विषय: इतर व्यवसायांकडून प्रकल्प व्यवस्थापन काय शिकेल. पुण्याहून प्रशिक्षक आले होते. वेळेचं नियोजन आचाऱ्याकडून शिकायचं, म्हणून हॉटेलचाच आचारी पांढरी टोपी घालून उभा केला. भात लागेल म्हणून तो मधूनच निघून गेला. मग होतं मेंढपाळाकडून नेतृत्व. बोलावलेला मेंढपाळ आलाच नाही. त्याला काम होतं.

आमच्या साहेबांनी माईक घेतला आणि माझ्याकडे बोट केलं. "काळजी नको. आपल्याकडे घरचीच धनगरीण आहे की!"

हॉल हसला. मागच्या रांगेतून कोणीतरी "बेंऽऽ" केलं.

शाळेतही करायचे. मी वर्गात शिरले की बाकांवरून बेंबें सुरू व्हायचं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून हसायचे. पाठ हलायची, त्यावरून कळायचं.

मी कंपनीत सहायक प्रकल्प व्यवस्थापक. सिव्हिलचा डिप्लोमा. मंचरचं गोदाम मी वेळेत उभं केलं होतं. आता ओतूरला शीतगृह बांधायचं होतं. त्याची पूर्ण जबाबदारी कोणाला द्यायची, हे त्याच दिवशी ठरणार होतं. माझी मांडणी तयार होती, दुपारची वेळ मिळाली होती. मालक पहिल्या रांगेत बसले होते.

साहेब जवळ आले. हातात घोंगडी आणि काठी. दोन्ही कोरी. काठीवर दुकानाचा स्टिकर तसाच.

"जरा वेळ पांघर. काठी आपट, हाळी दे. लोकांना मजा येते." मग आवाज खाली आणून, "मालक खूश झाले की ओतूर तुझंच."

बाकी सगळ्यांना ते अहो म्हणत.

शेजारी आमच्या साइटवरचे फोरमन बसले होते. ते कुजबुजले, "घ्या की मॅडम. लई झालं तर फोटू निघंल. तेवढ्यापायी ओतूर नका घालवू."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. म्हणूनच अवघड होतं.

घोंगडी हातात घेतली. तिला वाससुद्धा नव्हता.

तिकडे प्रशिक्षक रंगात आले होते. मेंढपाळ काठी घेऊन सर्वांच्या पुढे चालतो, कळप विश्वासानं मागे येतो, वगैरे. पडद्यावर डोंगर, सूर्यास्त आणि कुठल्यातरी देशातला एक गोरा म्हातारा.

आमच्यात पुढे जायची ती आई. सकाळी बाप मेंढरं घेऊन रानात शिरायचा. आई घोड्यावर भांडी, कोंबड्या, कोकरं आणि मला लादून सडकेनं पुढच्या गावाला निघायची. तिथल्या शेतकऱ्याशी बोलून रात्री खतासाठी मेंढरं बसवायचं रान ठरवायची. पीक निघालं नसेल तर दुसरं रान, दुसरा शेतकरी. मग मेखा ठोकून जाळी लावायची. एकदा एकानं ऐनवेळी शब्द फिरवला. मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नगं. मेंढरं सांजच्याला येत्यात. त्यास्नी उद्या या म्हणता येत न्हाई." आणि घोड्याचा लगाम धरून चालू लागली.

मंचरला मी हेच केलं होतं. ट्रक निघण्याआधी माल उतरायची जागा पक्की, ती हुकली तर दुसरी तयार. साहेबांनी बैठकीत त्याचं कौतुक केलं होतं, भलंमोठं इंग्रजी नाव देऊन. त्या नावानं आलं की ते कौशल्य. घोंगडी पांघरून आलं की करमणूक.

मी उठले. घोंगडीची घडी घालून खुर्चीवर ठेवली. पुढे जाऊन माईक हातात घेतला.

"मी ओतूरची मांडणी करायला आलेय. ती आत्ता करते. त्यात माझ्या आईनं शिकवलेलं आहे. ते तिच्या नावानं सांगेन."

प्रशिक्षक हसले. "मॅडम, ते नंतर. आधी एक हाळी होऊन जाऊ द्या!"

"हाळी मेंढरांना देतात," मी म्हटलं. "इथं कोणाला देऊ?"

कोणी हसलं नाही. मालकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्या हातून माईक काढून घेतला आणि सगळ्यांनी चहा घ्यावा असं सुचवलं. चहा अजून व्हायचा होता. लोक रिकामे कप घेऊन उभे राहिले.

माझी दुपारची वेळ रद्द झाली. ओतूर दुसऱ्याला मिळालं. हे सांगायला साहेब स्वतः आले.

"हुशार आहेस तू. पण टीममध्ये बसत नाहीस."

"अहो म्हणा," मी म्हटलं.

ते थांबले. मी पुढे काही बोलेन, निदान माफी मागेन, असं त्यांना वाटलं असावं. शेवटी तेच गेले.

राजीनामा दिला नाही. दिला असता तर त्यांची सोय झाली असती. पुढचं काम निघेल तेव्हा मी ते मागेन. नाकारलं तर कारण विचारेन, सगळ्यांसमोर. पुन्हा कोणी आईचं काम सोंग म्हणून माझ्या अंगावर चढवायला आला, तर पुन्हा उठेन. त्यापायी आणखी एक ओतूर गेलं तरी उठेन.

मेंढपाळाकडून शिकायचं सत्र त्या दिवशी अर्धवटच राहिलं. जेवायला मटण होतं, मेंढराचंच. मी दोनदा वाढून घेतलं.