भाताच्या दाण्याएवढं उंच

गाय भरवायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी रेतनाच्या कांड्या गार ठेवणारा द्रव नायट्रोजनचा डबा उघडला, पांढरा धूर गोठ्यात खाली उतरला आणि मला शहापूरच्या कॉलेजातली एक दुपार आठवली. आमची प्रयोगशाळा ओलसर आणि ओल लागली की सुपरकंडक्टर बिघडतो, म्हणून सरांनी त्याच्या दोन काळ्या टिकल्या मला आणि प्रयोगातल्या माझ्या जोडीदाराला घरी जपायला दिल्या होत्या. गार केल्यावर ज्याची टिकली चुंबकाला वर उचलून धरेल, तो त्यांच्यासोबत मुंबईच्या प्रदर्शनाला जाणार होता. खंडेनवमीला आईने माझी टिकली कोयत्या-विळ्यांसोबत धुऊन पुजली. "शिकायची वस्तू ना ती, मंग पूजंला नको?" मी ती पुसून गुपचूप डबीत ठेवली. दसऱ्यानंतर सरांनी गुरांच्या दवाखान्यातून द्रव नायट्रोजन मागून आणला आणि दोन्ही टिकल्या त्यात गार केल्या. माझ्या टिकलीवर चुंबक ढिम्म बसून राहिला. मुरबाडकडच्या पाड्यावरून येणाऱ्या माझ्या जोडीदाराच्या टिकलीवर तो भाताच्या दाण्याएवढा उंच, अधांतरी तरंगला. "आयनं चुलीवर टांगलेल्या सुक्या भोपळ्यात ठेवली व्हती, बियान्यासंगं. तिथं वल येत नाय," तो म्हणाला. सगळे वाकून बघत होते, मी चुंबक पडायची वाट बघत होतो. नायट्रोजन उडाला, चुंबक टपकन पडला आणि माझ्या जिवाला बरं वाटलं. प्रदर्शनाला तोच गेला. आता तो मोठ्या प्रयोगशाळेत असतो म्हणे. मला मात्र अजून आधी आठवतो तो त्याचा पडलेला चुंबक.