मागच्या सीटवरचा माणूस

स्कूटर सुरू करण्याआधी ते तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत. डाव्या हँडलपासून सुरुवात, मग पुढचं चाक, उजवी बाजू, सायलेन्सर, मागचं चाक आणि पुन्हा डावं हँडल. फेरीभर उजव्या हाताचा तळवा स्कूटरवरून फिरत असे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी हेच. सोसायटीतली मुलं याला ‘कॅप्टनकाकांची प्रदक्षिणा’ म्हणत, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकू ओरडत, “आता आरती तेवढी रवली हा, ती पण करून घेवा!”

ते वर बघतही नसत. “डोळे फसतात. हाताला कळतं,” एवढं म्हणत आणि किक मारत.

तुमच्याही इमारतीत असा एखादा निवृत्त फौजी असेल. तुम्हीही त्याला कॅप्टन म्हणत असाल आणि तोही चिडत असेल. आमचे काका हवाई दलातून स्क्वाड्रन लीडर म्हणून निवृत्त झालेले. “कॅप्टन क्रिकेटच्या टीमला असतो,” असं ते प्रत्येकाला सांगत. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीने बावीस वर्षं ते ऐकलं आणि बावीस वर्षं त्यांना कॅप्टनच म्हटलं.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. माणसं नुकसान फुगवून सांगतात, शौर्य त्याहून जास्त फुगवतात, हे मला रोज दिसतं. म्हणून पहिल्याच भेटीत मी त्यांना सरळ विचारलं होतं, “काका, तुम्ही किती विमानं पाडलीत?”

“एकही नाही. मी मास्तर होतो.”

या उत्तरावर मी त्यांचा झालो.

ते नवख्या पोरांना उडायला शिकवत. शिकवायच्या विमानात दोन सीट असतात, एकामागे एक. पुढे विद्यार्थी, मागे थोड्या उंचीवर मास्तर. मास्तरकडेही तीच सगळी यंत्रं. पोरगं चुकलं की मागून हात लावायचा. घाबरलेल्या पोराला ते एकच वाक्य सांगत, “चालव. मी मागे आहे.” ते वाक्य त्यांच्या तोंडात इतकं मुरलं होतं की निवृत्तीनंतरही सुटलं नाही. लिफ्ट बंद पडली की जिना चढणाऱ्या आजींच्या पाठोपाठ ते चढत, “चला, मी मागे आहे.” माझी मुलगी स्कूटी शिकत होती तेव्हा मिठागर रोडवर तिच्या मागून त्यांची स्कूटर, तिच्याच वेगाने. ती वैतागायची, “काका, लोक बघतायत ना!”

“लोकांना बघू दे. तू पुढे बघ.”

संध्याकाळी बाकावर बसून त्यांनी मला त्यांच्या आवडत्या विमानाची गोष्ट सांगितली, एकदा नाही, अनेकदा. एका परदेशी कारखान्याने जुनं, साधं, पिस्टन इंजिनाचं शिकाऊ विमान घेतलं आणि त्याच्या नाकात छोटं टर्बाइन बसवलं. पुढचा पंखा तसाच, तो फिरवणारं इंजिन मात्र जेटच्या जातीचं. पहिलंच विमान उतरताना मोडलं आणि काही वर्षं ते प्रकरण बासनात पडलं. मग इंधन महागलं, जेटवर पोरं शिकवणं परवडेना, आणि ते बासन पुन्हा उघडलं. विमान निघालं भलतंच गुणी. नक्की साल विचारलं तर काका म्हणत, “आठवत नाही. अंदाजाने सांगणार नाही.” मला फार बरं वाटे.

“गुणी म्हणजे कसं?” मी विचारलं होतं.

“हळू उडतं. पोराला जमीन नीट दिसते. कच्च्या धावपट्टीवर उतरतं. इंधन कमी पितं. चूक माफ करतं.” मग म्हणाले, “हेच गुण दुसऱ्यांनीही पाहिले.”

ते दुसरे कोण, हे मला पुढे कळलं. त्याआधी बागेतलं विमान आलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला मुलांची छोटी बाग आहे. तिथे ‘सेल्फी पॉइंट’ होणार, खऱ्या मापाचं फायबरचं विमान बसणार, असे बॅनर लागले. बॅनरवरचं चित्र बघून काका हरखले. “अरे, हे तर माझं विमान!” ज्या दिवशी ट्रकमधून ते उतरलं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते बघायला गेले. मलाही नेलं.

त्यांनी डाव्या पंखापासून फेरी सुरू केली. तळवा फायबरवर. नाकाशी आले आणि हसले. “पंख्याची पाती उलटी बसवलीत. हे सुरू केलं तर मागे जाईल, थेट ठाण्याला.” नाकावर शार्कचे दात रंगवले होते, तिथेही हसले. मग उजव्या पंखाखाली वाकले, आणि हसणं थांबलं. दोन्ही पंखांखाली तीन-तीन बॉम्ब लटकत होते, लाल टोकांचे. ते शेपटीपर्यंत गेले, परत आले आणि कॉकपिटच्या काचेवर हात ठेवला. पुढच्या सीटवर हेल्मेट घातलेला रबरी बाहुला. मागे सीटच नव्हती. काचेचा तेवढा भाग आतून काळ्या रंगाने बंद केलेला.

“मागची सीट कुठाय?”

स्थानिक नेत्याच्या कार्यालयातला एक तरुण काम बघत उभा होता. “अंकल, दोन बाहुल्यांचं बजेट नव्हतं. टेन्शन नका घेऊ, समोरून झकास दिसतं.”

“आणि हे बॉम्ब?”

“बॉम्ब नसतील तर पब्लिक फोटो कशाला काढेल?”

“बाळा, हे शाळेचं विमान आहे.”

“मग तर बेस्टच ना. बाग पोरांचीच आहे!”

फलकही तयार होता. वर मोठ्या अक्षरांत ‘लढाऊ विमान’. खाली पाच ओळी. त्यातल्या चार चुकीच्या होत्या आणि पाचवीत नेत्याचं नाव होतं.

आम्ही परत निघालो. मी म्हणालो, “काका, अज्ञान आहे, सोडून द्या.” त्यावर ते रस्त्यातच थांबले आणि त्यांनी जे सांगितलं ते काकूंशिवाय कोणाला सांगितलेलं नव्हतं.

नोकरीत असताना त्यांना परदेशी हवाई दलाची पोरं शिकवायला पाठवलं होतं. देशाचं नाव त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही. तिथे हेच विमान होतं. एक पोरगा फार हुशार, हवेत गेला की गाणी म्हणायचा. त्याला पहिल्यांदा एकट्याने सोडायचा दिवस आला. अशा दिवशी मास्तर खाली उतरतो आणि मागच्या सीटचे पट्टे स्वतः आवळून बांधतो, रिकाम्या सीटवर ते हलून कशात अडकू नयेत म्हणून. दुसऱ्या कोणाला बांधू द्यायचे नाहीत, अशी पद्धत. काकांनी पट्टे बांधले, त्याच्या खांद्यावर थोपटलं. पोरगा उडाला आणि कापसासारखा उतरला.

पुढे काका परत आले. काही वर्षांनी त्या देशात आपसांत पेटलं. शिकाऊ विमानांच्या पंखाखाली वजन टांगायचे आकडे होतेच, इंधनाच्या जादा टाकीसाठी म्हणून दिलेले. तिथे बॉम्ब आले. विमान हळू उडतं, जमीन नीट दिसते. आणि खालच्या गावांकडे विमान पाडायला काही नव्हतं. कारखानदार म्हणाले, आम्ही शाळेची विमानं विकली, घेणाऱ्याने काय टांगलं ते त्याचं तो जाणे.

“एक दिवस त्या पोराचा फोन आला,” काका म्हणाले. “आनंदाने. पदक मिळालं होतं. म्हणाला, सर, तुम्ही शिकवलं तसंच केलं. अगदी स्मूथ.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? मागच्या सीटवर मी असतो तर हात धरला असता. मी पट्टे बांधून उतरलो होतो.”

मग आवाज चढला. रिक्षावाले वळून बघायला लागले. “लढाऊ विमानाशी माझं भांडण नाही! फौजेत होतो मी. बॉम्ब टाकणाऱ्याला बॉम्ब टाकणारं म्हणा, सलाम करीन. पण शाळेच्या विमानाला बॉम्ब लावायचे, मास्तरची जागा काळी करायची आणि त्याच्याखाली पोरांना उभं करून हसा म्हणायचं? उद्घाटनाआधी ते बॉम्ब निघाले पाहिजेत.”

आम्ही दोघे त्या कार्यालयात चारदा गेलो. मी सगळ्या चुका क्रमाने मांडल्या. चहा प्रत्येक वेळी मिळाला. शेवटी नेत्याच्या उजव्या हाताने समजुतीच्या सुरात सांगितलं, “साहेब, विषय सुशोभीकरणाचा आहे, माहितीचा नाही.” या वाक्यावर मी आजही संतापतो. माझ्या टेबलावर असा खोटा दावा आला असता तर मी तो दोन मिनिटांत परत पाठवला असता. इथे सरकारी जागेवर, सगळ्यांच्या पैशाने, लहान मुलांना खोटं शिकवलं जात होतं, आणि आम्हालाच विचारत होते, तुमचा प्रॉब्लेम काय आहे?

सव्वीस जानेवारीला उद्घाटन झालं. बॉम्ब तसेच. काकांना सत्काराचं बोलावणं आलं. काकू म्हणाल्या जाऊ नका. ते म्हणाले, “माइक तर मिळेल.”

शाल दिली, नारळ दिला. निवेदक गरजला, “ज्यांनी याच विमानातून शत्रूवर बॉम्बचा वर्षाव केला, ते आपले कॅप्टनसाहेब!” टाळ्या कडाडल्या. काकांनी माइक हातात घेतला.

“हे खोटं आहे. मी एकही बॉम्ब टाकलेला नाही. मी पोरांना उडायला शिकवलं. हे शाळेचं विमान आहे. याला दोन सीट असतात. मागची सीट...”

तेवढ्यात स्पीकरवर देशभक्तीचं गाणं सुरू झालं. कोणीतरी खूण केली असणार. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्यांचे ओठ हलत होते, हात मागच्या काळ्या काचेकडे दाखवत होता, आणि सगळी गर्दी गाण्यावर टाळ्या वाजवत होती. माझी मुलगी उभी राहून ओरडली, “अहो, बंद करा ते! ऐका ना त्यांचं!” शेजारच्या बाईंनी तिला खाली ओढलं. “बस गं, शुभ दिवस आहे.”

काकांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. बाहेर येऊन स्कूटरभोवती फेरी घेतली. त्या दिवशी तळवा जागोजागी थांबत होता, जणू काहीतरी सुटलेलं सापडत नव्हतं.

सोसायटीत दोन दिवस चर्चा झाली. “एवढं काय मनाला लावून घ्यायचं? खेळणंच तर आहे.” हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे फोटो त्या बॉम्बखाली काढलेले आहेत.

पावसाळा संपता संपता काका गेले. झोपेतच गेले. तिसऱ्या दिवशी आमच्या गेटवर श्रद्धांजलीचा बॅनर लागला. काकांचा फोटो, शेजारी दातवालं विमान, आणि ‘बॉम्बफेकी वीरास मानवंदना’. मी कार्यालयाला फोन लावला. “अहो, आदरानेच लावलाय,” ते म्हणाले. मी त्यांच्याशी भांडत असताना काकू कोयती घेऊन खाली उतरल्या. दोरीवर एक घाव घातला, दुसरा घातला.

“जल्मभर पोरांक शिकवल्यान ह्या माणसान,” त्या म्हणाल्या. “मारल्यान कोणाक?”

बॅनर खाली पडला. त्या जिन्याकडे वळल्या तेव्हा माझी मुलगी त्यांच्या पाठोपाठ गेली. पायरीवर ती काय म्हणाली ते मला गेटपाशी स्पष्ट ऐकू आलं. “चला काकू, मी मागे आहे.”

विमान अजून तिथेच आहे. दिवाळीला त्याला नवा रंग दिला, बॉम्बची टोकं पुन्हा लाल केली. मी दर महिन्याला तक्रार करतो, ते दर महिन्याला हसतात. कधी मुलुंडला आलात तर फोटो काढण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारा. पंखाखालून जा, शेपटीकडून वळा आणि काचेशी या. पुढे रबरी बाहुला बसलेला दिसेल, हेल्मेट घालून, सहा बॉम्ब घेऊन, अगदी सरळ समोर बघत.

त्याच्या मागे कोणी नाही.