बधिर केलेली दुपार

माझा गुडघा दुखायचा आणि गुडघ्यात काही सापडायचं नाही. एवढ्यावरून आमच्या घरात माझी किंमत ठरली. गुडघ्याचा फोटो काढला, तो चांगला आला. सासूबाई म्हणाल्या, "फोटो काय खोटं बोलतो व्हय? हिलाच काम नको हाय." तेव्हापासून मी लंगडले, की घरातले एकमेकांकडं बघायचे.

आमचा धंदा कडक भाकरीचा. ती थापायची कशी, याबद्दल सासूबाईंचा कायदा होता. जमिनीवर बसायचं, डावी मांडी घालायची, उजवा गुडघा छातीशी उभा, पुढं काटवट. ओट्याशी उभं राहून थापलेली भाकरी जाड होते म्हणे. मी एकदा उभ्यानं थापून दाखवली, पातळच झाली. तर म्हणाल्या, "एखादी होते की." आता यावर काय बोलणार, कप्पाळ.

शेवटी हाडांच्या एका डॉक्टरनी माझा पाय वर खुब्यातून फिरवला आणि मी ओरडलेच. ते म्हणाले, कधी कधी खराब असतो खुबा आणि दुखतो गुडघा. पण कळ कमरेतूनही येत असेल, तेव्हा आधी खात्री करू. खुब्याच्या सांध्यात बधिर करायचं औषध सोडतो, काही तासच टिकेल. "घरी जा आणि एरवी ज्यानं दुखतं, तेच करा. दुखायचं थांबलं तर दोष खुब्यातच. मग सांधा बदलावा लागेल." मशीनच्या पडद्यावर बघत बघत त्यांनी सुई आत घातली. नवरा बाहेर फोनवर बोलत बसला होता.

घरी आले आणि काटवटीपुढं बसले. उजवा गुडघा उभा केला, पीठ मळलं, थापायला लागले. दुखलं नाही. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. राग आला होता मला. बाकीच्या बाया अशा बसतात तर, इतक्या सहज. आणि मी इतकी वर्षं दातओठ खाऊन बसले, वर कामचुकार म्हणवून घेतलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तरी कळेल यांना. त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. "बघ की कशी बसली. खरं दुखणं असतं तर एका सुईत गेलं असतं व्हय?" तो बघून हसला. मी समजावलं, की दुखणं गेलं हाच पुरावा आहे, आत बधिर केलंय, संध्याकाळी परत येणार. पण ऐकतंय कोण. त्यानं तिथंच उभ्या उभ्या अकलूजच्या एका लग्नाची मोठी ऑर्डर फोनवर घेऊन टाकली.

दिवेलागणीला कळ परत आली. मी भिंत धरून उठले. सासूबाई म्हणाल्या, "झालं हिचं परत सुरू."

पुढच्या खेपेला डॉक्टरनी विचारलं, "त्या दुपारी कसं होतं?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "एकदम झकास. बसून सगळ्या भाकऱ्या केल्या हिनं."

"मग नक्की झालं. खुबाच आहे, ऑपरेशन करायला हवं."

नवरा खुर्चीत पुढं सरकला. "ऑपरेशन कशाला, साहेब? तेच इंजेक्शन द्या की परत. लग्नसराईपुरतं."

माझ्या दुखण्याबद्दल त्यानं डॉक्टरला विचारलं ते एवढंच. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले.

"तारीख द्या," मी म्हणाले. नवऱ्याकडं मी बघितलंच नाही.

ऑपरेशन झालं. आता मी काठीशिवाय चालते, जिनेसुद्धा चढते; फक्त नवा सांधा निसटू नये म्हणून जमिनीवर बसायला डॉक्टरनी मनाई केलीय. आणि सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, की आमच्या सुनेनं खाली बसायला नको म्हणून चांगलं हाड कापून घेतलं. बाया माझ्याकडं बघतात. मी घरभर नीट चालताना दिसते, आणि त्यांना ते पटतं.